नंदूभाऊची मंद कॅसेट

पुणे
६ ऑगस्ट २००६

ममते,

बसली आहेस का? नसशील तर बस. आपली ती कॅसेट सापडली.

तीच. माझ्या बाबांनी पट्टीवर निळ्या शाईने नुसतं 'संथ वाद्य' लिहिलेली. तू नर्सिंगच्या ट्रेनिंगला निघालीस तेव्हा यवतमाळच्या स्टँडवर मी तुझ्या पिशवीत कोंबली होती ती. कोणाची आहे, कुठली आहे, मी इतकी वर्षं शोधत होतो. इंटरनेटवर माझ्यासारख्या वेड्यांची एक जागा आहे, विस्मरणात गेलेलं संगीत हुडकणाऱ्यांची. तिथे एकाने तिचा छोटासा तुकडा टाकला होता. मी स्टुडिओत होतो, समोर बिस्किटाच्या जाहिरातीचा माणूस बसलेला. पहिला सूर आला आणि मला त्या माणसासमोर डोळे पुसावे लागले. धूळ गेली म्हणालो.

ऐक आता. जर्मनीतल्या एका शाळामास्तराने १९८४ साली घरच्या घरी केलेली ही कॅसेट. नाव 'दुपारचे दिवे'. मोजक्याच प्रती काढल्या, त्याही कोणी घेतल्या नाहीत. आपल्याकडे हातपंपाच्या कामावर एक गोरा साहेब यायचा, आठवतो? बाबांच्या दुकानात हिंदी गाणी भरून घ्यायला आला आणि ही तिथेच ठेवून गेला, तो परत आलाच नाही. बाबांनी तिच्यावरून आपली ही एक भरली.

मूळ संगीताची स्वच्छ सीडी मिळवली आहे. सोबत पाठवतो. तुझ्याकडची कॅसेट अजून आहे, की टेपने गिळली? फोन कर.

मंदार


उपकेंद्र, ता. नेर
१९ ऑगस्ट २००६

मंदार,

आधी जय भीम, मग भांडण.

फोन कर म्हणतोस. गावात फोनचा डब्बा एकच, मागं रांग, अन् बोलू थे सारं गाव ऐकते. म्हणून पत्रच लिहीन. तुले वाचायचा कंटाळा असंल तर बायकोकडून वाचून घे.

सीडी भेटली. सीडीची मशीन इथं फक्त विहारात, तिथली देखरेख करणाऱ्या धम्मरत्नच्या ताब्यात. त्याच्या हातापाया पडून लावायला लावली. मी अन् हंसाबाई समोर सतरंजीवर बसलो. हंसाबाई म्हणजे माझ्या उपकेंद्रातली मदतनीस, माझ्याआधीपासून इथं आहे, बाळंतपणं माझ्यापेक्षा जास्त पाह्यली तिनं. थोडं वाजलं अन् थे मले म्हणते, "ताई, हे आपलं नोहे. याले कोठी जायची घाई हाय."

खरं सांगतो, मलेही तसंच वाटलं. सूर तेच, थे दुरून आल्यासारखी घंटाही तीच. पण आपलं नाही. सारं पळून राह्यलं.

कॅसेट गिळली का विचारतोस. अरे, रोज वाजते थे. माझ्या टेपमध्ये मोठे सहा सेल लागतात, लोडशेडिंग असली तरी अडत नाही. पहिल्यांदा वाजवली थे एका पहिलटकरणीजवळ, थे एवढी घाबरली होती का हात सोडत नव्हती. मले दुसरं काही सुचलं नाही म्हणून लावली. तिचा श्वास हळूहळू त्या गाण्यासोबत चालायला लागला. तेव्हापासून बाई कळा देत असली का कॅसेट चालू. शेवटी तुझ्या बाबांचा आवाज येते, "रेकॉर्डिंग, नंदकिशोर, यवतमाळ," का हंसाबाई म्हणते, "आले नंदूभाऊ, पलटवा." या गावातली कितीक लेकरं तुझ्या बाबांच्या आवाजावर जन्मली आहेत, तुले माहीत नसंल.

आता दुपारी व्हरांड्यातही लावतो. सत्यभामा येऊन बसते. तिले सहावा महिना चालू आहे. घरवाला उन्हाळ्यात गेला. कसा गेला थे तू पेपरात वाचलं असशील, मी लिहीत नाही. तिच्या घरी रोज कोणी ना कोणी येते. पुढारी येतात, पेपरवाले येतात, सर्वेवाले येतात. तिच्या कपाशीत उभं करून फोटो काढतात. मी तिले विचारलं, तुले ह्या गाण्यात काय भेटते? थे म्हणाली, "ताई, जे येते थे मले काही सांगते, नाही तर मले काही विचारते. हे दोन्ही करत नाही. नुसतं बाजूले बसते."

तुझ्या सीडीत थे बसत नाही, मंदार. थे उभ्या उभ्याच निघून जाते. काहून ते तू सांग, तू आवाजाचा डॉक्टर आहेस.

ममता


पुणे
२७ ऑगस्ट २००६

ममते,

उत्तर सोपं आहे, पण तुला आवडणार नाही.

सीडी बरोबर आहे. तुझी कॅसेट चूक आहे.

बाबांच्या दुकानात दोन मशीन होती. एक वाजवायचं, एक भरायचं. वाजवणारं मशीन मंद चालायचं. त्यामुळे दुकानातून निघालेली प्रत्येक कॅसेट जवळजवळ एक सूर खाली आणि जड. सगळ्या यवतमाळला माहीत होतं. लोक म्हणायचे, नंदूभाऊच्या कॅसेटमध्ये गाणारी बाई बाप्या वाटते. बाबांनी पाटी लावली होती, 'तक्रार असल्यास कॅसेट फुकट भरून मिळेल.' लोक तक्रार करायचे, बाबा माफी मागायचे, पुन्हा भरून द्यायचे, आणि ती पुन्हा तशीच निघायची. मी शाळेतून यायचो तेव्हा काउंटरपाशी बाबा कोणाची तरी माफी मागत असायचे. दुकान बंद झालं तेव्हा मला तर बरंच वाटलं. बाबांनी त्यानंतर गाण्याचं नावही काढलं नाही, मीही काढलं नाही. या सीडीबद्दलही मी त्यांना सांगितलेलं नाही.

मग मी धंदा कुठला निवडला? बिघडलेले आवाज दुरुस्त करायचा. बायको हसते यावर.

सांगायचं एवढंच की तू इतकी वर्षं जे ऐकते आहेस ते त्या मास्तराने केलेलं नाही. त्याने जे केलं ते आता तुझ्याकडे आहे. आठवडाभर सीडीच ऐक, कान सरावेल. जुनी कॅसेट आठवण म्हणून कपाटात ठेव.

मंदार


उपकेंद्र, ता. नेर
१० सप्टेंबर २००६

मंदार,

तुझं पत्र मी हंसाबाईले वाचून दाखवलं. थे म्हणाली, "त्याले म्हणा, तुमचं बरोबर तुमच्यापाशी ठेवा."

माझंही तेच म्हणणं आहे. चूक तर चूक. त्या मास्तरनं एक गाणं केलं, तुझ्या बाबांच्या मशीननं दुसरं केलं. आम्हाले दुसरं पाहिजे. यात माफी मागण्यासारखं काय आहे थे मले समजत नाही. तुझी बाप्या वाटणारी बाई तुझ्यापाशी असू दे, गाण्यात बाई असंल तर समजते का चूक झाली. यात ना बाई आहे ना बाप्या. यात चूक पकडायची कोणी?

अन् आठवण म्हणून कपाटात ठेव म्हणतोस. मी म्हातारी झाली का रे? मी आठवणीसाठी वाजवत नाही. मी आज वाजवतो, आजच्या बाईसाठी.

आता इथलं ऐक. शेतकऱ्यांसाठी सरकारचं पॅकेज आलं आहे, तुले माहीत असंल. त्याच्यासोबत एक कॅसेटही आली, ताणमुक्तीची. सगळ्या उपकेंद्रात रोज दुपारी वाजवायची असा हुकूम. मी ऐकली. एक साहेब बोलतात, "बंधूंनो आणि भगिनींनो, निराश होऊ नका. खोल श्वास घ्या. जोडधंदा करा." मागं बासरी. सत्यभामा दोन मिनिटं बसली अन् उठून घरी चालली गेली. जाताना म्हणाली, "हा बी आला का इथं."

मी थे कॅसेट बंद केली अन् आपली लावली. नेमके त्याच दिवशी डॉक्टरसाहेब व्हिजिटले आले. नवीन आहेत, पोरगेलेसे. म्हणाले, "सिस्टर, हे काय रडगाणं लावलं? आधीच गाव खचलेलं आहे." मी म्हटलं, "साहेब, गाव खचलं हे तुम्ही पेपरात वाचलं. इथं बसून ऐका न." थे बसले नाहीत. मले तोंडी ताकीद दिली का पुन्हा हे वाजलं तर वर लिहून पाठवीन.

दुसऱ्या दिवशी मी आवाज थोडा वाढवूनच लावली.

सत्यभामा म्हणते, माझ्या बाळंतपणात हेच लावजा. मी हो म्हटलं आहे. दिवाळीनंतर दिवस भरतात तिचे.

ममता


पुणे
१८ सप्टेंबर २००६

ममते,

मी चुकीचं बोललो असेन तर सोडून दे. पण नोकरीशी खेळू नकोस. अर्धा तास त्यांची वाजव, मग तुझी वाजव. कोण बघायला येतंय? बदली झाली तर कुठे टाकतील, पार झरी-जामणीला. तुझ्या सत्यभामेला तेव्हा कोण असेल, याचा विचार कर.

आणि एक. ती कॅसेट आता म्हातारी झाली आहे. रोज वाजवतेस तर एक दिवस तुटेल. माझ्याकडे पाठव, मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो. आठवड्यात परत करतो.

मंदार


उपकेंद्र, ता. नेर
९ ऑक्टोबर २००६

मंदार,

पाठवायले पाहिजे होती. तुझं ऐकायले पाहिजे होतं. आता ऐक.

दसऱ्याले मी नागपूरले गेलती, दीक्षाभूमीवर. यंदा धम्मदीक्षेले पन्नास वर्षं झाली, न जाऊन कसं चालंल. माझ्या आज्यानं छप्पन साली तिथं उभं राहून दीक्षा घेतली होती. चार दिवस रजा टाकली.

मागून आरोग्य केंद्रातले वामनराव क्लार्क आले. ताणमुक्तीचा दुसरा भाग आला होता, तो भरायले त्यांच्याकडं कॅसेटी कमी पडल्या होत्या. हंसाबाईले म्हणाले, सगळ्या उपकेंद्रासाठी कॅसेट भरायची आहे, तुमची द्या. हंसाबाईले वाटलं, सरकारले शेवटी कळलं. आपली कॅसेट एवढी चांगली आहे का आता सगळ्या उपकेंद्रात तीच वाजवणार. तिनं साडीच्या पदरानं पुसून दिली रे थे. वामनरावले चहाही पाजला.

मी आली तर कॅसेट परत आली होती. वर सरकारी चिठ्ठी डकवलेली. मी लावली. "बंधूंनो आणि भगिनींनो." पलटवली. दुसऱ्या बाजूलेही तेच. शेवटपर्यंत ऐकलं, वाटलं नंदूभाऊ तरी वाचले असतील. नाही वाचले.

हंसाबाई तीन दिवस जेवली नाही. मी तिले काय बोलू? वामनरावलेही काय बोलू, त्यानं वरून आलेलं काम केलं. मी त्याच्यासमोर जाऊन एवढंच म्हटलं का वामनराव, ह्याच्यात आधी काय होतं थे तुम्ही ऐकलं होतं का? तो म्हणाला, "सिस्टर, त्याच्यात तर काहीच नव्हतं. म्हणून तर भरली."

रडून झालं. आता सांगतो ते कर. तू आवाजाचा डॉक्टर आहेस न, मग थे गाणं मले मंद करून दे. तुझं बरोबरवालं घे अन् चुकव. सत्यभामेले शब्द दिला आहे. डॉक्टरसाहेबांले वाटते का विषय संपला. विषय संपला नाही.

ममता


पुणे
१४ ऑक्टोबर २००६

ममते,

सीडी कॉम्प्युटरवर घेतली, एक सूर खाली आणली, कॅसेटवर भरली. सोबत आहे. हंसाबाईंना सांग, जेवा.

मंदार


उपकेंद्र, ता. नेर
२३ ऑक्टोबर २००६

मंदार,

कॅसेट दिवाळीच्या आधी भेटली. मेहनत घेतली, तुले दुवा देतो. पण नाही रे.

मंद झालं, पण सारखंच मंद झालं. आपल्या गाण्यात सूर चालता चालता जरासा खाली बसायचा अन् पुन्हा उठायचा, म्हातारं माणूस उठते तसा. तिथंच तर बाया श्वास सोडायच्या. तुझ्यात कोणी बसत नाही, कोणी उठत नाही. सत्यभामा नको म्हणत नाही, थे आता कशालेच नको म्हणत नाही, पण दुपारी येणं तिनं बंद केलं. मी घरी जाऊन तपासून येतो. भिंतीकडं तोंड करून असते.

तुझ्या बाबांले विचारलं का तू? माफ कर, तुमच्या घरातलं आहे, पण मले विचारू दे. ज्यानं भरली त्यालेच तू विचारलं नाही. तुले कशाची लाज वाटते? मले तर नंदूभाऊचं नाव घ्यायला कधी लाज वाटली नाही, अन् ह्या गावात तर त्यायचं नाव पुढाऱ्यापेक्षा मोठं आहे.

दिवस कमी राह्यले. जा यवतमाळले.

ममता


यवतमाळ
२९ ऑक्टोबर २००६

ममते,

आलो. आईला वाटलं दिवाळीसाठी उशिरा का होईना आला. मी दोन दिवस ती समजूत तशीच राहू दिली. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबांसमोर तुझी पत्रं ठेवली. सगळी. मला तोंडी सांगायचा धीर नव्हता.

बाबांनी चष्मा लावून सावकाश वाचली. हंसाबाईंनी कॅसेट पदराने पुसून दिली तिथे थांबले. मग 'आले नंदूभाऊ, पलटवा' हे त्यांनी परत मागे जाऊन वाचलं. आई म्हणाली, काय हो, काय लिहिलंय? ते म्हणाले, "गिऱ्हाईकाचं पत्र आहे."

उठले आणि पलंगाखालची ट्रंक ओढली. दोन्ही मशीन आत, जुन्या धोतरात गुंडाळलेली. आणि ममते, त्या गोऱ्या साहेबाची मूळ कॅसेटही आत. मी म्हटलं, बाबा, ही अजून ठेवलीत? तर म्हणाले, "त्याची वस्तू आहे. मागायला आला तर?"

मी मशीन उघडलं. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. मी म्हटलं, पुण्याहून नवा पट्टा मागवतो. बाबा म्हणाले, "कायले? त्यानं तर थे बरोबर चालंल." मग सांगितलं. कंपनीचा पट्टा पहिल्याच वर्षी तुटला होता, तेव्हा त्यांनी सायकलच्या ट्यूबमधून एक कडं कापून घातलं. ते कधी घसरायचं, कधी धरायचं. म्हणजे सूर बसायचा आणि उठायचा तो त्या ट्यूबमुळे. नवीन पट्ट्याचे पैसे जमले तेव्हा दुकानच राहिलं नव्हतं.

शेजारच्या सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणली. कापायला मी कात्री मागितली तर बाबांनी दिली नाही, स्वतःच कडं कापलं. वाजवलं. मी आणि आई भिंतीला टेकून ऐकत होतो. पहिल्यांदा सूर खाली बसला तेव्हा मी स्टँडवर उभा होतो आणि तुझी बस निघत होती. इतकी वर्षं मी दुरुस्त करत आलो, आणि बघ, नेमकं हेच मी दुरुस्त करून टाकलं असतं.

भरणं झाल्यावर बाबांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. शेवटी त्यांचा आवाज टाकायचा होता. दार लावून घेतलं. काय बोलले मला माहीत नाही. त्यांनी चिकटपट्टीने डबी बंद करून हातात दिली आणि म्हणाले, गिऱ्हाईकाआधी ऐकायची नाही. उद्याच्या पहिल्या नेर गाडीने कंडक्टरच्या हाती पाठवतो.

ऐकलीस की लिही. मी इथेच थांबलो आहे.

मंदार


उपकेंद्र, ता. नेर
८ नोव्हेंबर २००६

मंदार,

जय भीम तुले, अन् नंदूभाऊले त्याच्यापेक्षा मोठा जय भीम.

कॅसेट मी नेर स्टँडवर जाऊन घेतली. कंडक्टरनं विचारलं, एवढं काय आहे त्यात? म्हटलं, ट्यूब. उपकेंद्रात येऊन लावली. हंसाबाई ओट्यावर तांदूळ निवडून राह्यली होती. तिनं मान वर केली नाही, नुसतं म्हणाली, "आलं." संध्याकाळी पोटभर जेवली.

मी मुद्दाम शेवट ऐकला नाही. म्हटलं, बाळंतपणातच ऐकू.

परवा सकाळी सत्यभामेले कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत बाई मुकी. ओरडत नव्हती, रडत नव्हती, जोरही लावत नव्हती. मले भीती वाटली, खोटं कशाले बोलू. कॅसेट लावली. सूर बसला, तिनं श्वास सोडला. पुन्हा बसला, पुन्हा सोडला. मग तिनं हंसाबाईचा हात असा धरला का बांगडी फुटली.

अन् त्याच टायमाले बाहेर जीप. डॉक्टरसाहेब अन् संग जिल्ह्याचे एक मोठे साहेब, ताणमुक्तीची पाहणी करायला. दारातून डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, मी ताकीद दिली होती. बंद करा ते." माझे दोन्ही हात कामात होते. मी मागं न पाहता म्हटलं, "साहेब, बाळ येऊन राह्यलं. येत असाल तर हात धुऊन आत या, नाही तर बाहेर बसा. गाणं बंद होणार नाही."

मोठे साहेब बाहेर बाकावर बसले. डॉक्टरसाहेब हात धुऊन आत आले. एवढं मानलं मी त्याले. मले हवं ते देत गेले. गाणं चालूच होतं. पोरगी झाली. तीन किलोची, अन् गळा असा का बाहेरचे साहेब उभे राह्यले. सत्यभामेनं पोरीकडं पाह्यलं अन् मग रडली. सहा महिन्यात पहिल्यांदा रडली थे. मोकळी झाली.

तेवढ्यात बाजू संपली. नंदूभाऊ आले. तू ऐकलं नाहीस, म्हणून शब्दाला शब्द लिहितो. आवाज म्हातारा झाला रे, पण काय ठणठणीत:

"रेकॉर्डिंग, नंदकिशोर, यवतमाळ. मशीन मंद आहे. मंदच राहील. तक्रार ऐकून घेतल्या जाणार नाही."

मग सत्यभामा हसली. डोळ्यात पाणी अन् हसली.

डॉक्टरसाहेबानं टेपकडं पाह्यलं अन् मले विचारलं, "हे कोण?"

म्हटलं, "यवतमाळचे नंदूभाऊ आहेत. तुमचं काही असंल तर मले लिहून द्या, थे ऐकून घेत नाहीत."

कारणे दाखवा नोटीस येईल म्हणतात. येऊ दे. मी उत्तर आत्ताच लिहून ठेवलं आहे, एकाच ओळीचं: कॅसेट वाजवली हे खरं आहे, अन् उद्याही वाजंल.

बाकी काय. हंसाबाई आतून आवाज देऊन राह्यली का पोरीले दुसरी बाजू ऐकवायची आहे. कॅसेट पलटवायला जातो.

ममता